चाळिशी, दुसऱ्यांदा

मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. 'माझी चाळिशी कुठं ठेवलीस गं?' असं आमचे बाबा विचारायचे, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. माझी पहिली चाळिशी बेचाळिसाव्या वर्षी आली. दुसरी आली चौसष्टाव्या वर्षी. तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी भिंगं बसवून सहा महिने झाले होते आणि आता चष्मा लागणार नाही असं मला सांगितलेलं होतं.

मी बेळगावात प्रुफं तपासते. चांगला शब्द मुद्रितशोधन, पण छापखान्यात त्याला कोणी मुद्रितशोधन म्हणत नाही. 'बाई, गेली पाठवू का?' (गेली म्हणजे गॅली, जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप) असा फोन यायचा, आता 'पीडीएफ पाठवू का?' असा येतो. मी कागदावर काढूनच मागते. स्क्रीनवर चूक निसटते हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांची कामं माझ्याकडे येतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या खेड्यांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते, शेतातली माणसं मांडवात येऊन बसतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग मराठी राज्याबाहेर आहे. इथं सातबाराचा उतारा कानडीत येतो, बसची पाटी कानडीत असते, विजेचं बिल कानडीत. मराठीत छापलेला कागद हाती आला की माणसं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणून त्यात चूक राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि देवनागरीतली चूक किती बारीक असते! अनुस्वाराचा एक टिंब. रफाराची कोयरी. 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक तो डोक्यावरच्या रेघेचा, 'भ' आणि 'म' यांच्यात एका छोट्या गाठीचा, 'ष' आणि 'प' यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. 'ध चा मा' होऊन एका पेशव्याचा जीव गेला अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाबांनी मला ती गोष्ट इतिहास म्हणून सांगितली नाही, कामाचा नियम म्हणून सांगितली. ते छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. उलटं अक्षर सुलटं वाचायचे.

बाबांचा मोतीबिंदू १९८२ साली निघाला. केंद्र सरकारनं १९७६ मध्ये अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता आणि त्यानंतर शाळांच्या खोल्यांत शिबिरं भरू लागली होती. आत भिंग बसवायची पद्धत तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोचलेली नव्हती. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचं, टाके घालायचे आणि त्या भिंगाचं काम चष्म्यानं करायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून बाबा दिवसचे दिवस निजून होते. नंतर अधिक दहाच्या आसपासचा चष्मा आला, बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यातून प्रत्येक वस्तू चतकोरानं मोठी दिसायची, दाराची चौकट वाकडी दिसायची, जिन्याची पायरी असते त्याहून वर दिसायची. बाबा घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालायचे. पण खिळ्यांच्या खणासमोर उभे राहिले की बोटांना सगळं ठाऊक असायचं. त्या चष्म्यानं त्यांनी आणखी सात वर्षं काम केलं.

त्यांचा तो चष्मा अजून माझ्याकडे आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं कळलं तेव्हा मी पहिल्यांदा तो कपाटातून काढून बघितला. मला तसला चष्मा नको होता. कुठलाच नको होता. बावीस वर्षं नाकावर चष्मा, गळ्यात दोरी, घामानं कानामागं उठलेले चट्टे, स्वयंपाकाला उभी राहिले की काचेवर वाफ. रुग्णालयातल्या समुपदेशक मुलीनं प्लॅस्टिकच्या आवरणातला तक्ता पुढं केला. सर्वांत खाली साधं भिंग, त्यावर जरा बरं, सर्वांत वर मल्टिफोकल आणि त्याच्यासमोर 'चष्म्यापासून मुक्ती'. साध्या भिंगाच्या तिप्पट पैसे. विमा कंपनीनं साध्या भिंगापुरतेच मान्य केले, वरचे आमचे. हे म्हणाले, "डोळ्यासाठी पैसे बघायचे नाहीत." मुलानं पुण्याहून तेच सांगितलं. त्या समुपदेशक मुलीनं विचारलं, "काकू, तुम्हाला वाचायची आवड आहे?" मी म्हटलं, "हो, वाचते की." तिनं मान डोलावून वरच्या ओळीवर खूण केली.

त्या दोन वाक्यांकडे मी नंतर फार वेळा परत गेले आहे.

शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. आधी उजवा डोळा, तीन आठवड्यांनी डावा. आत निजल्यावर पंधरा-वीस मिनिटांचं काम. शेजारच्या टेबलावरच्या आजींना नर्स सांगत होती, 'म्याग नोड्री, केळग नोड्री', वर बघा, खाली बघा. कानडीत मोतीबिंदूला 'पोरे' म्हणतात. पोरे म्हणजे पापुद्रा, सापाच्या कातीलाही तोच शब्द. आपण त्या पांढऱ्या ठिपक्याला मोती म्हटलं, शेजारच्या भाषेनं कात म्हटली. माझा डोळा उघडला तेव्हा कानडी शब्द जास्त खरा वाटला. खरंच काहीतरी सोलून निघाल्यासारखं झालं होतं. पिवळसर झालेली भिंत पांढरी निघाली. माझी राखाडी समजत होते ती साडी निळी होती.

आणि दूरचं! अनगोळच्या गच्चीवरून येळ्ळूरच्या राजहंसगडाची कड एका रेषेत दिसली. बसस्टँडवर लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचता येऊ लागली. मी मराठी शाळेत शिकले, कानडी अक्षरं नंतर पाट्यांवरून शिकले, त्यामुळे ती मी एकेक करून जुळवून वाचते. ती गोल, वळणदार अक्षरं लख्ख दिसायची. दुकानाच्या बिलावरचा आकडा, मोबाईलवरचा नंबर, कुकरच्या शिट्टीपाशी साचलेला मळ, सगळं चष्म्याविना. दोन महिने मी घरातल्या आरशासमोर थांबून स्वतःचं तोंड बघत होते. चष्म्यानं नाकावर पाडलेले दोन खड्डे हळूहळू भरत होते.

रात्रीचे दिवे मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे होते. रेल्वेच्या उड्डाणपुलावरून येताना समोरच्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती कडं, चंद्राला खळं पडावं तसं. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं, सवय होईल म्हणाले होते, आणि बरीचशी झालीही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग पाऊस आला. बेळगावचा पाऊस बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, दुपारी दोनला संध्याकाळ वाटते, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते. माझं टेबल खिडकीपाशी आहे. उन्हाळ्यात तिथं बसून मी चष्म्याशिवाय दोन फॉर्म तपासले होते. जुलैत त्याच टेबलावर अक्षरं विटल्यासारखी दिसू लागली. पुसट नव्हे. काळं असायला हवं ते राखाडी, आणि कडा कागदात मुरल्यासारख्या. मी कागद जवळ घेतला की अक्षर आणखी विरघळायचं, लांब धरला की बरं दिसायचं पण लहान व्हायचं. शाई कमी पडली असेल म्हणून मी छापखान्यात दोनदा फोन केला.

त्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या शताब्दीची स्मरणिका माझ्याकडे होती. १५ ऑगस्टला प्रकाशन. गावानं वर्गणी काढलेली, मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्या मुलांनी पैसे पाठवलेले. एका पानावर शंभर वर्षांतल्या शिक्षकांची यादी बारीक टायपात आणि खाली एक ओळ: दिवंगत गुरुजनांना वंदन. छापून आलं, 'दिवंगत गुरुजनांना वदन'. अनुस्वार गेला. दुसऱ्या एका पानावर 'ग्रंथदिंडी'ची 'ग्रंथदिडी' झाली होती. दोन्ही पानांवर तपासल्याची माझी सही होती.

फोन शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींचा आला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या हातनं कसं निसटलं?" मी काहीच बोलू शकले नाही. माफी मागितली, छापखान्याला स्वतःच्या पैशानं शुद्धिपत्राची चिठ्ठी छापायला सांगितली आणि सातशे प्रतींत ती हातानं चिकटवली. चिकटवतानासुद्धा मला त्या ओळीतला हरवलेला टिंब नीट दिसत नव्हता. तेव्हा मात्र शाई कमी आहे हा विचार मी सोडून दिला.

रुग्णालयात तपासणी झाली. दूरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. जवळचं कार्ड हातात दिलं, वर प्रखर दिवा. डॉक्टर म्हणाले, "एन आठ सहज, एन सहाही जमतंय. उत्तम निकाल आहे." मी विचारलं, हे एन आठ म्हणजे काय? ते म्हणाले, अक्षराचा आकार, छपाईतला पॉइंट असतो ना, तो. मला एकदम आपल्या घरातला शब्द परक्या घरात ऐकल्यासारखं झालं. एन आठ म्हणजे आठ पॉइंट! बाबांच्या खणांवर खडूनं लिहिलेला आकडा. पण तो आठ पॉइंट रोमन अक्षरांचा. रोमन अक्षराला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. देवनागरीला त्याच आठ पॉइंटांच्या उंचीत वेलांटी, रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षर सगळं बसवावं लागतं, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते आणि टिंबाच्या वाट्याला तर सुईच्या टोकाएवढी. आणि कार्डावरची छपाई कोळशासारखी काळी, शुभ्र कागदावर, दिव्याखाली. माझं प्रूफ झेरॉक्सच्या कागदावर, संपत आलेल्या टोनरचं, जुलैच्या उजेडात. मी हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात इतकं दिसतंय, समाधान माना." माणूस वाईट नव्हता. बाहेर चाळीस रुग्ण बसले होते.

मी आणखी दीड महिना थांबले. सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात असं सगळीकडे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. अशा भिंगामुळे दूरचं आणि जवळचं अशी दोन्ही चित्रं पडद्यावर एकाच वेळी उमटतात, एक रेखीव आणि दुसरं धूसर. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं ते मेंदू शिकतो. आम्हा बेळगावच्या माणसांना हे समजायला अवघड नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना दोन्ही कानांवर मराठी आणि कानडी एकदम पडत असतात, आपल्याशी जे चाललंय तेवढंच कान उचलतो, बाकीचं नुसता आवाज होऊन मागं राहतं. त्यासाठी वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. माझ्या मेंदूनं पाट्या, चेहरे, ताट, मोबाईल एवढं शिकून घेतलं. अनुस्वार काही शिकला नाही.

शेवटी हुबळीला गेले. महामार्गानं दोन तास. तिथले डॉक्टर वयस्क, कानडी, मराठी त्यांना कळायचं पण बोलता यायचं नाही. माझं कानडी बाजारापुरतं. माझी फाईल त्यांनी बाजूला ठेवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एन केलसा माडतीरी?" काय काम करता?

मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. सहा महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. 'वाचते' म्हटलं होतं. वाचणं आणि तपासणं यांत केवढा फरक आहे ते मला सांगता आलं असतं. वाचणारा शब्दावरून जातो, एखादा टिंब नसला तरी त्याचं मन तो घालून घेतं. तपासणाऱ्याला ते मनाचं घालून घेणंच थोपवायचं असतं, जे कागदावर आहे तेवढंच बघायचं असतं. मी पिशवीतून प्रूफ काढून त्यांच्यापुढं ठेवलं. ते म्हणाले, घरी धरता तसं धरा. मी धरलं. त्यांनी पट्टी घेतली, माझ्या भुवईपासून कागदापर्यंत मोजलं. अठ्ठावीस सेंटीमीटर.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नर्सबाई मधून मधून मराठी करून सांगत होत्या. मला समजलं ते असं.

जन्माचं भिंग तरुणपणी मऊ असतं, डोळ्यातला स्नायू त्याला हवं तसं फुगवतो, म्हणून मूल नाकाजवळचंही बघतं आणि डोंगरही. चाळिशीत ते कडक होतं. मोतीबिंदूत ते काढून बसवलेलं भिंग फुगतही नाही, चपटंही होत नाही. मल्टिफोकलमध्ये त्याच्या पृष्ठभागावर केसाहून बारीक वर्तुळाकार पायऱ्या असतात आणि त्या आत येणाऱ्या उजेडाची वाटणी करतात, पाटाचं पाणी दोन वाफ्यांत सोडावं तशी. दूर आणि जवळ अशी सारखी वाटणी करणाऱ्या भिंगात १०० भागांतले साधारण ४१ दूरच्या चित्राला जातात, ४१ जवळच्याला, उरलेले इकडे तिकडे विखुरतात. म्हणजे माझ्या प्रुफाच्या वाट्याला निम्म्याहून कमी उजेड, आणि त्यावर दुसऱ्या चित्राची धूसर साय. काळं राखाडी दिसतं ते यामुळे. काही भिंगांची रचना तर अशी असते की अंधारात बाहुली मोठी झाली की जास्त उजेड दूरकडे वळतो, रात्री रस्ता दिसावा म्हणून. माझी भिंगं त्यातलीच निघाली. जुलैतली खिडकी आठवली आणि सगळं उलगडलं.

दुसरी गोष्ट अंतराची. भिंगाचं जवळचं ठाणं ठरलेलं असतं, माझं चाळीस सेंटीमीटरवर. त्याच्या अलीकडे आणलं की चित्र फुटतं. चाळीस वर्षांची माझी सवय अठ्ठावीसची, आणि ती लहरीनं लागलेली नाही. टिंब दिसायला तेवढं जवळ यावंच लागतं.

तिसरी गोष्ट उरलेल्या नंबराची. शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून भिंगाची ताकद काढतात. डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो आणि मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर अडीच-तीन नंबरांचा फरक पडतो. मापं अचूक असली तरी जखम भरताना भिंग आत नेमकं कुठं स्थिरावेल हे अंदाजानंच धरावं लागतं. अर्ध्या नंबरापर्यंतचा फरक उत्तम शस्त्रक्रियेतही राहू शकतो. माझ्या उजव्या डोळ्यात पाऊण नंबराचा तिरका, सिलिंडरचा नंबर उरला होता. साध्या भिंगाच्या माणसाला तो फारसा जाणवला नसता. मुळातच वाटून घेतलेल्या उजेडाला मात्र एवढाही भार सोसत नाही.

उपाय तीन होते. भिंग काढून दुसरं बसवायचं, लेझरनं बुबुळाचा आकार थोडा बदलायचा, किंवा चष्मा. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर पुढं कधी पापुद्रा धरला तर लेझरनं तिथं छिद्र पाडतात, पण भिंग बदलण्याचा विचार असेल तर ते छिद्र घाईनं पाडू नये, नंतर बदलणं अवघड होतं, हेही त्यांनी बजावलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नीट दिसत नाही म्हटलं की लगेच लेझर करून घेणारे माझ्या ओळखीत आहेत. माझे डोळे कोरडेही पडले होते, त्याला थेंब दिले. मग चौकटीत काचा घालून पाहिल्या. उजव्याला तिरका नंबर, आणि दोन्हींना अधिक एक. चाळीस सेंटीमीटरवरचं ठाणं अधिक एकनं एकोणतीसच्या जरा आत येतं. मी प्रूफ उचललं. 'दिवंगत गुरुजनांना वदन'. तेच पान मी नेलं होतं. टिंबाची रिकामी जागा मला दिसली.

"कन्नडक बेकु," डॉक्टर म्हणाले. नर्सबाई हसून म्हणाल्या, "चष्मा हवा म्हणतायत." कन्नडक म्हणजे चष्मा. बेळगावातली कानडी माणसंही बोलताना सर्रास चष्माच म्हणतात, त्यामुळे हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सीमाभागात वाढलेल्या माणसाला त्या शब्दात आधी दुसरंच काही ऐकू येतं. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कानडीची सक्ती आहे, तिच्याबद्दल माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही. पण माझ्या मराठी अनुस्वाराची काळजी पहिल्यांदा एका कानडी डॉक्टरनं पट्टी घेऊन केली, तीही नोंद इथं राहायला हवी.

परत येताना बसमध्ये मला खूप दिवसांनी हलकं वाटलं. चष्मा नको म्हणून एवढे पैसे घातले आणि चष्मा लागलाच, असं हे म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात होतं. माझ्याही मनात होतं. नंतर एक गोष्ट वाचनात आली. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायला सुरुवात हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी १९४९ च्या नोव्हेंबरात केली. युद्धात फुटलेल्या विमानांच्या छताचे प्लॅस्टिकचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत राहून गेले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि तशाच प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी घडवून घेतलं. पण ताकद किती हवी याचा हिशेब चुकला. त्या पहिल्या बाईंना भिंग बसवूनही जाड उणे नंबराचा चष्मा लागला. म्हणजे ज्या दिवसापासून ही भिंगं आहेत त्या दिवसापासून त्यांच्यावर चष्माही आहे. त्या बाईंच्या आधी माझ्या बाबांसारखे असंख्य होते, ज्यांच्यासाठी सगळा डोळाच चष्म्यात होता. माझा नवा चष्मा मी बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवला. त्यांची काच बोटभर जाड, माझी कागदासारखी. तो तेवढा मधला फरक भिंगानं भरून काढला आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. मला चुटपुट लागली ती एवढ्याचीच की हे आधी सांगितलं असतं तर मी साधं भिंग घेतलं असतं आणि वाचायला चष्मा लावला असता. सगळा उजेड एकाच ठाण्यावर. माझ्या कामाला तेच योग्य होतं. शेजारच्या बँकेतल्या काकांना हीच मल्टिफोकल भिंगं बसवलीत, ते वर्तमानपत्र वाचतात, नातवाला शाळेत सोडतात आणि चष्म्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांच्यासाठी ती भिंगं अगदी बरोबर आहेत.

डिसेंबरात शहापूरच्या मावशीचा नंबर लागला. मावशीच्या घरी पूर्वी हातमाग होते, शहापुरी साड्या निघायच्या, आता दोन यंत्रमाग आहेत आणि मावशी सत्तरीतही कांड्या भरते, तुटलेला धागा सांधून देते. तिच्या मुलानं फोन केला, "आक्का, तू ये की संगट. तुला सगळं ठावं हाय." मी गेले. रुग्णालय वेगळं, पण तक्ता तोच, प्लॅस्टिकच्या आवरणातला. मुलगीही तशीच, गोड बोलणारी. तिनं विचारलं, "आजी, चष्मा नको वाटतोय ना?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, आधी त्यांना विचार, दिवसभर डोळ्यांनी काय करतात."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "काय करता हो आजी?"

"धागा सांधते," मावशी म्हणाली.

"किती लांबनं?"

मावशीनं दोन्ही हात पुढं केले, अंगठा आणि तर्जनी चिमटीत धरून, जणू तिथं खरंच धागा होता. मान थोडी खाली झाली, डोळे बारीक झाले. मी पिशवीतली पट्टी काढली आणि मुलीच्या हातात दिली. तिनं उठून, टेबलाला वळसा घालून, मावशीच्या भुवईपासून चिमटीपर्यंत मोजलं.

"हलू नका हं आजी," ती म्हणाली, आणि आकडा फाईलवर लिहिला.